चढ कुणाचा मोजायचा?



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या ३० आणि ३१ या श्लोकांवर. भावार्थ असा: अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने मला भजू लागला तर त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय योग्य झालाय. तो लवकरच धर्मात्मा होतो.

खरं सांगू? हा श्लोक मला खटकायचा. कालपर्यंत वाईट वागणारा आज लगेच साधू? मग वर्षानुवर्षं नीट वागणाऱ्यांचं काय?

यंदा मामाकडे गेलो होतो, गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला. या भागात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणून लोक 'मामा तलाव' म्हणतात. तलावाचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर धानाच्या बांध्यांत जातं.

मामा नवीन पाट काढत होता. दोन खुंट्या ठोकल्या, पाण्याने भरलेली लेव्हलची नळी लावली. अंतर २०० मीटर, उंचीतला फरक २० सेंटीमीटर. दहावीतला 'रेषेचा चढ' आठवला: उंचीतला फरक भागिले आडवं अंतर. म्हणजे हजारास एक. डोळ्यांना जमीन सपाटच दिसत होती.

"एवढ्यात पाणी जाईल?" मी विचारलं.

"पाण्याले थोडाच उतार लागते, पण लागते बरं," मामा म्हणाला.

मामा पूर्वी खूप प्यायचा. तीन वर्षांपूर्वी माळ घातली, दारू सोडली. गेल्या वर्षी एका लग्नात पुन्हा प्यायला. मी फोनवर म्हटलं होतं, "शेवटी तू तसाच." दुसऱ्या दिवसापासून त्याने पुन्हा सोडली होती, हे मी विचारलंच नाही.

पाटाशी उभं राहून माझी चूक कळली. एका बिंदूवरून चढ काढता येत नाही, दोन लागतात. मी त्या एका रात्रीचा बिंदू धरला आणि रेषा आपल्या मनाने ओढली. दुसरी चूक याहून मोठी. मी त्याचा एक बिंदू आणि माझा एक बिंदू जोडत होतो. ती रेषा ना त्याची, ना माझी! त्याचा आजचा दिवस त्याच्याच तीन वर्षांपूर्वीच्या दिवसाशी जोडायला हवा. माझा माझ्याशी. तसं पाहिलं तर मामा चढतोय. मी रोज वाचन करतो, पण पाच वर्षांपूर्वी जेवढा रागीट होतो तेवढाच आहे. वरचा भाग शून्य, म्हणून चढही शून्य.

आणि घाई केली तर? दोन बिंदूंत आडवं अंतरच नसेल तर शून्याने भागावं लागतं, चढ ठरतच नाही. एका रात्रीत साधू व्हायची अपेक्षा तशीच. श्लोकात 'लवकरच' आहे, 'आत्ताच' नाही.

याचा अर्थ मामीने सोसलेलं पुसून टाकायचं, असा नाही. ते तिचं आहे, विसरायचं की नाही ते ती ठरवेल. भगवंत निश्चयाची दिशा बघतात, पण घरच्यांना रोजचं वागणं दिसावं लागतं. मामालाही हे माहीत आहे, म्हणून तो माफी मागून मोकळा होत नाही, पहाटे उठून पाट काढतो.

निघताना मी त्याच्या पाया पडलो आणि त्या फोनबद्दल बोललो. "जाऊ दे भाचा," म्हणाला, आणि खुंटी बघायला गेला.

आजचा संकल्प: ज्याच्याबद्दल 'तो तसाच' असं मत पक्कं झालंय, त्याच्या रेषेवरचा दुसरा बिंदू शोधायचा. एक फोन पुरेल.

राम कृष्ण हरी 🙏