सार्वजनिक बाग कोणाची?

गेल्या उन्हाळ्यांत शहापूर तालुक्यांतील एक उपदेशक बंधु कांहीं कामानिमित्त मुंबईस आले असतां दोन दिवस अंधेरीस आमच्या घरीं उतरले होते. परत जाण्यापूर्वीं त्यांस शहर थोडेंसें दाखवावें म्हणून आम्ही त्यांस लोकलगाडीनें ग्रँट रोडपर्यंत व तेथून मलबार हिलवर नेलें. त्या टेकडीच्या माथ्यावर फिरोजशहा मेहता उद्यान आहे; लोक त्यास हँगिंग गार्डन म्हणतात. जनावरांच्या आकाराचीं कापलेलीं झुडपें, समोरच्या कमला नेहरू उद्यानांतील म्हातारीचा बूट व तेथून दिसणारा चौपाटीचा समुद्र हें सर्व पाहून झाल्यावर आमचे पाहुणे बागेंतील हिरवळीवर विसावले. तेव्हां आम्ही त्यांस सहज सांगितलें कीं, आपण बसलों आहों ती साधी जमीन नव्हे, ती एका मोठ्या टाकीची पाठ आहे. हिच्या खालीं शहराचें पाणी सांठविलेलें आहे. ते एकदम उठून उभे राहिले. मग वाकून त्यांनीं गवतावर हात ठेविला व विचारिलें, "पाळकसाहेब, हें पाणी आमच्याकडचें का?"

प्रश्न रागाचा नव्हता. तरी उत्तर देतांना आमची जीभ अडखळली.

या बागेची अलीकडील हकीकत वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. टाकी सुमारें एकशें चाळीस वर्षांची जुनी आहे, व तींतून गिरगांव, ताडदेव, ग्रँट रोड वगैरे खालच्या वस्तीस पाणी जातें. ती पाडून त्या जागीं अधिक मोठी टाकी बांधावी, असा महापालिकेचा बेत होता. खर्चाचा अंदाज सुमारें ६९८ कोटी रुपये होता. त्यासाठीं ३८९ झाडें तोडावीं किंवा उपटून अन्यत्र लावावीं लागणार होतीं, व बाग कित्येक वर्षें बंद राहणार होती. सन २०२३ मध्यें टेकडीवरील रहिवाशांनीं याविरुद्ध मोठा आवाज उठविला. तेव्हां पवई येथील आय. आय. टी. चे अध्यापक ज्या समितींत होते ती नेमण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टाकीचा भाग रिकामा करून तज्ज्ञ मंडळी प्रत्यक्ष आंत उतरली. टाकी पाडण्याचें कारण नाहीं, दुरुस्ती पुरेशी आहे, असें अध्यापकांचें मत पडलें; महापालिकेच्या अधिकाऱ्यांचें मत निराळें होतें. अखेर पाडण्याचा बेत सोडून दुरुस्तीचा मार्ग धरण्यांत आला.

आंत उतरून पाहीपर्यंत वाद असा चालला होता कीं, बाग हवी कीं पाणी हवें. झाडांचा कैवार घेणारा तो तहानेल्यांचा वैरी, आणि पाण्याची गोष्ट काढणारा तो झाडांचा वैरी! शिडी लावून चार माणसें खालीं उतरल्यावर दिसून आलें कीं दोन्ही राहूं शकतात. ही शिडी अगोदरच लावितां आली असती, असें आम्हांस वाटतें.

बाग वांचली याचा आम्हांस खरोखर आनंद आहे. परंतु ती कां वांचली, हा विचार मनांत आला म्हणजे तो आनंद पुरा राहत नाहीं. त्या टेकडीवर राहणारे लोक विद्वान व वजनदार आहेत. अर्ज कोणाकडे करावा, वर्तमानपत्रांत काय लिहावें, तज्ज्ञ कोठून आणावा, हें त्यांस कळतें. यांत त्यांचा दोष नाहीं. उलट, आपल्या दारच्या झाडासाठीं जो उठतो त्याची आम्ही प्रशंसाच करूं. पण टेकडीखालच्या चाळींतून ज्यांच्या मोरींत हें पाणी जातें, त्यांचें म्हणणें त्या सबंध वादांत आमच्या कानीं फारसें आलें नाहीं. आमच्या अंधेरींतही एक टेकडी आहे, गिल्बर्ट हिल. काळ्या दगडाचा सुमारें साठ मीटर उंचीचा तो उभा कडा साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे असें शास्त्रज्ञ सांगतात. त्याच्या माथ्यावर गांवदेवीचें देऊळ व लहानशी बाग आहे. सभोंवतींचा डोंगर दगडासाठीं खणून लोकांनीं केव्हांच नेला. त्याच्या पायथ्याशीं वजनदार शेजारी नव्हते.

मलबार हिलच्या झाडींतून मार्च २०२५ मध्यें एक उंचावरील लांकडी पायवाट खुली झाली आहे. लांबी सुमारें ४८५ मीटर. आंत जाण्यास प्रत्येकी २५ रुपये. आम्ही दोघे बाहेरूनच पाहून परतलों. पाहुण्यांनीं घरच्या पांच माणसांचा हिशेब बोटांवर केला, सव्वाशें झाले, आणि ते हंसले. डागडुजीस पैसा लागतो, हें आम्ही जाणतों. आणि शेजारचीं दोन्ही उद्यानें विनामूल्य आहेत, हेंही सांगणें न्यायाचें होईल. तथापि जी वाट सार्वजनिक टेकडीवर बांधिली तिच्या तोंडाशीं तिकीट आलें, कीं 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ पुन्हां विचारावा लागतो.

हा शब्द आपल्या लोकांस फार महाग पडलेला आहे. सन १९२३ मध्यें सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मंजूर झाला, व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे झाल्याचें कागदावर लिहिलें गेलें. महाडच्या नगरपालिकेनेंही तसा ठराव केला. पण २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तोंपर्यंत त्या ठरावाचा एक थेंबही कोणाच्या ओंजळींत पडला नव्हता. आणि पुढें कोर्टकचेरी सन १९३७ पर्यंत चालली. पंचवीस रुपयांचें तिकीट व चवदार तळें यांची आम्ही बरोबरी करीत नाहीं. तसें करणें त्या दिवशीं ज्यांनीं मार खाल्ला त्यांचा अपमान होईल. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, पाटीवर 'सार्वजनिक' लिहिल्यानें वस्तु सर्वांची होत नाहीं. तिच्याविषयीं निर्णय होतो तेव्हां कोणाकोणास विचारलें जातें, हें पाहावें.

आणि येथें आमच्या पाहुण्यांचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. तानसा धरण सन १८९२ चें, शहापूर तालुक्यांतलें. भातसाही तेथलेंच, मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग एकटें भातसा देतें. ज्या तालुक्यांतून हें पाणी वाहून येतें त्याच तालुक्यांतील पाड्यांवर दर उन्हाळ्यांत बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. हें आपल्या मंडळ्यांस आम्ही काय सांगावें? कोणी म्हणेल, मुंबईनें पाणी नेलें नसतें तर येथील लाखों गरीब तहानेनें मेले असते. खरें आहे. अंधेरीच्या आमच्या घरींही तेंच पाणी येतें व आम्ही तें पितों; तेव्हां शहरास पाणी देऊं नये असें म्हणण्यास आमचें तोंड नाहीं. पण टाकीच्या पाठीवरच्या ३८९ झाडांकरितां समिति बसली, आंत उतरून पाहिलें गेलें, आणि दोन्ही गोष्टी राखण्याची वाट निघाली. धरणाच्या काठच्या हंड्यांकरितां तशी शिडी लावण्यास कोणाची हरकत होती?

दुसऱ्यांस हें विचारतांना आम्हांस आपलीच एक गोष्ट आठवते व लाज वाटते. पूर्वीं आम्ही एका खेड्यांत असतां तेथील मंडळीच्या आवारास भिंत घालण्याचें ठरलें. कोपऱ्यांत एक जुनी चिंच होती, ती आड येत होती. पंचांस विचारलें, पंच हो म्हणाले, आम्ही हो म्हणालों, आणि चिंच पडली. भिंत नीट उभी राहिली. पुढें चैत्रांत आम्हांस समजलें कीं, नदीवरून पाणी आणतांना गांवच्या सगळ्या बाया त्या चिंचेखालीं हंडे उतरवून दम खात असत, आणि त्यांपैकीं निम्म्या आपल्या मंडळींतल्याही नव्हत्या. आमच्या पंचांत बाई एकही नव्हती. भिंत दोन हात आंत घेतली असती तर चिंच राहिली असती. पण मोजमाप करण्यास कोणी गेलेंच नाहीं.

संध्याकाळीं परततांना गाडींत गर्दी होती, म्हणून आमचें फारसें बोलणें झालें नाहीं. सकाळीं निघतांना पाहुण्यांनीं घरांतील दोन रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या व नळाखालीं भरल्या. वाटेंत आसनगांवला पाणी मिळत नाहीं का, असें आम्ही विचारिलें. ते म्हणाले, "मिळतें. पण मुलांना दाखवायचें आहे."