आजोबांचा ब्रश

आमच्या घरात दाढीचा एक ब्रश आहे. त्याला आम्ही सगळे 'आजोबांचा ब्रश' म्हणतो. हे नाव खरे की खोटे, एवढाच प्रश्न यंदाच्या श्रावणात माझ्यापुढे उभा राहिला, आणि दिवाळी तोंडावर आली तरी तो खाली बसायला तयार नाही. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचकांनी दाढीच्या ब्रशाविषयी वाचावे ही अपेक्षा जरा धाडसाचीच आहे. परंतु प्रश्न ब्रशापुरता राहिला नाही, म्हणून सांगतो.

ब्रशाची मूठ अडीच इंच उंच, मध्ये कंबरेसारखी बारीक, आणि रंगाने जुन्या तुपासारखी. आजोबांनी 1940 साली मुंबईत तो घेतला तेव्हा ही मूठ हस्तिदंतासारखी पांढरी होती, असे अण्णा सांगत. लहानपणी मला ही थाप वाटे. पुढे कळले की ती कॅटॅलिन नावाच्या पदार्थाची आहे. बेकेलाइटचाच हा धाकटा भाऊ, 1927 च्या सुमारास निघालेला. बेकेलाइट काळेकरडे, हा मात्र हव्या त्या रंगात ओतता येई. फक्त वर्षानुवर्षे उजेड आणि हवा लागली की पांढऱ्याचा पिवळा होत जातो. म्हणजे अण्णा खरेच सांगत होते. अण्णा खोटे बोलत नसत, ही आमच्या घरातली पहिल्यापासूनची समजूत.

आजोबा 1960 साली गेले. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे होते. पेटीतून हा ब्रश काढून त्यांनी आपली दाढी सुरू केली, आणि पोस्टमनच्या नोकरीत रोज सकाळी सहा वाजता त्याच ब्रशाने तोंडाला फेस फासला. शेवटी अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने ते अंथरुणावर होते. साताऱ्याला थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे. दादा एक दिवसाआड त्यांची दाढी करी. मी कोकणातल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. महिन्यातून एखाद्या रविवारी जाऊन उशाशी बसे आणि संध्याकाळच्या एस. टी. ने परत येई. 2016 मध्ये अण्णा गेले. तेराव्यानंतर दादाने तो ब्रश न मागताच माझ्या हातात दिला. "तुला कुंचल्यांची सवय. नीट ठेवशील," एवढेच म्हणाला.

ठेवला, पण रोज वापरलाही. केस गळू लागले. दाढी झाली की गालावर दोन-चार चिकटलेले दिसत, आणि मधोमध टक्कल पडले. तेव्हा नवा झुबका बसवायचे ठरवले. इंग्रजीत या झुबक्याला 'नॉट', म्हणजे गाठ म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. केस एकत्र जुळवून बुडाशी दोऱ्याने करकचून बांधतात, ते बूड डिंकात बुडवून मुठीच्या खळगीत बसवतात. ब्रशाचे सारे आयुष्य त्या न दिसणाऱ्या गाठीवर असते.

काम अवघड नाही, पण घाईचेही नाही. लाकडी मूठ असती तर वाफ देऊन जुना डिंक सैल केला असता. कॅटॅलिनला कढत पाणी सोसत नाही, तडा जातो. म्हणून प्रथम कात्रीने केस मुठीच्या काठाशी कापले. ते एका कागदात ठेवले. का ठेवले हे त्या वेळी सांगता आले नसते. मग हातगिरमिटाने खळगी हळूहळू कोरू लागलो, पेन्सिलीला पॉलिशकागद गुंडाळून कडा घासू लागलो.

अर्धा सेंटिमीटर खाली गेल्यावर खळगीच्या भिंतीला लागून कापडाची एक चिंधी निघाली. खाकी. तिच्याभोवती करडा, दगडासारखा घट्ट डिंक होता, दोन नळ्यांतून काढून कालवतात तो. हा डिंक बाजारात आला 1946 साली. त्याच्याही खाली, तळाशी, काळपट लाल राळेचा थर होता, आणि राळेत रुतलेले केसांचे चार खुंट. वर कापलेले केस राठ होते, डुकराचे. हे चार खुंट मऊ आणि बारीक होते, बॅजरच्या केसांसारखे.

मी गिरमिट खाली ठेवले. उलगडा करायला शेरलॉक होम्स नको होता. आजोबांचा झुबका केव्हाच झिजून गेला होता. अण्णांनी बाजारातल्या एखाद्या स्वस्त ब्रशाचा झुबका काढून यात बसवला. खळगी चोवीस मिलिमीटरची आणि झुबका लहान, म्हणून गणवेशाच्या खाकी कापडाची पट्टी भोवती गुंडाळून फट बुजवली. आणि कुणाला न बोलता पुढे तो ब्रश 'आजोबांचा' म्हणूनच वापरला.

मी त्यात चोवीसचा नवा झुबका बसवला. पन्नास मिलिमीटर केस वर राहतील एवढ्या खोलीवर, एक दिवस-रात्र उभा ठेवून. पितृपक्षात अण्णांच्या तिथीसाठी साताऱ्याला गेलो तेव्हा कौतुकाने बरोबर नेला आणि आदल्या संध्याकाळी दादाला दाखवला.

दादाने मूठ हातात घेतली, अंगठा केसांवरून फिरवला, आणि विचारले, "ते केस कुठे गेले?"

"गळत होते रे. पार झिजले होते."

"मी ज्या केसांनी अण्णांना फेस लावला ते कुठे आहेत, एवढंच विचारतोय. आजोबांच्या वस्तूला अण्णांनी इतक्या वर्षांत हात लावला नाही. तुला सहा-सात वर्षं धीर निघाला नाही!"

खळगीतली खाकी चिंधी या वेळी माझ्या जिभेच्या टोकावर होती. एक वाक्य बोललो असतो तर वाद जिंकलो असतो. पण तिथी उद्यावर आली होती, आणि ज्यांची तिथी त्यांनाच दादाच्या नजरेत खोटे पाडून जिंकायचे होते. मी बोललो नाही. सुदैवाने केसांचा कागद पिशवीत होता, तो दिला. दादाने तो उघडलासुद्धा नाही. वहिनीकडून एक डबी मागून घेतली, त्यात ठेवला आणि देवघराच्या फळीवर सरकवला.

परतीच्या एस. टी. त मला अथेन्सचे जहाज आठवत होते. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, तत्त्वज्ञांशी ओळख ग्रंथालयातून झाली. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. थीसियस हा वीर ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून क्रीटहून परतला ते अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले, आणि कुजलेली फळी काढून तेथे नवी घालत गेले, असे प्लूटार्क सांगतो. तेव्हा हे तेच जहाज की दुसरे, यावर पंडितांचे वाद होत. सतराव्या शतकात हॉब्जने पाचर मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचे जहाज बांधले तर खरे कोणते? आमच्याकडे अगदी तसेच झाले होते. मूठ माझ्यापाशी, केस दादापाशी.

पण मला वाटते, वादाच्या भरात या पंडितांनी जहाज धक्क्यावरच बांधून ठेवले. ते जहाज चालत होते! थीसियसने नवस केला म्हणून दरवर्षी ते डेलॉसला यात्रेला जाई, आणि ते परत येईपर्यंत नगरात कुणालाही देहदंड द्यायचा नाही असा नियम होता. इसवी सनापूर्वी 399 मध्ये सॉक्रेटिसाला मृत्युदंड झाला तो जहाज निघण्याच्या तयारीत असताना. ते परत येईपर्यंत सुमारे तीस दिवस तो तुरुंगात मित्रांशी बोलत राहिला. या जहाजात थीसियसच्या वेळची एकही फळी नाही, सबब नवस रद्द, असे कुणी सभेत उभे राहून सिद्ध केले असते तर? ते दिवस त्याला मिळाले नसते. जहाज तेच मानण्यात नगराने स्वतःला एका शब्दात बांधून घेतले होते, आणि तो शब्द मोडला नाही म्हणून ते तेच राहिले.

अण्णांना मी या न्यायाने सोडवले. ते 'आजोबांचा ब्रश' म्हणत तेव्हा केसांचा दाखला देत नव्हते. बापाची वस्तू टाकली नाही, चालती ठेवली, एवढे सांगत होते. तरी एक खटकतेच. आम्हांला सांगितले का नाही? बहुधा कधी विचारलेच नाही म्हणून. किंवा सांगितले असते तर आम्ही दोघेही त्याला 'अण्णांचा ब्रश' म्हणू लागलो असतो, आणि ते त्यांना नको होते.

अण्णांना सोडवणे सोपे गेले. स्वतःला तसे सोडवता येत नाही. ज्या न्यायाने अण्णा सुटतात त्याच न्यायाने मीही सुटायला हवा; दुरुस्ती दोघांनीही केली. परंतु अण्णांनी ती वापरता वापरता केली. मी मात्र त्या आठ महिन्यांत त्या ब्रशाने अण्णांच्या गालाला एकदाही फेस लावला नव्हता. एका रविवारी दादाने ब्रश पुढे केला होता, "आज तू कर," म्हणून. माझा हात कापेल, लागेल त्यांना, असे काहीतरी मी म्हणालो. दररोज पोरांना कुंचला धरायला शिकवणारा मी! श्रावणात चार संध्याकाळी बसून ती खळगी इतक्या नाजूक हाताने कोरली, ती कुणासाठी? दादाने केसांची चौकशी केली ती वस्तुसंग्रहालयवाल्याची नव्हती. त्याला त्या केसांत अण्णांचा उजवा, लुळा पडलेला गाल आठवत होता. मला तिथे आठवायला काही नाही, म्हणून मला ते केस नुसते झिजलेले दिसले.

हा अंक साताऱ्याला दरवर्षी जातो. आधी वहिनी वाचते, मग दादा, नरकचतुर्दशीच्या दुपारी, आडवा होऊन. तेव्हा खाकी चिंधीची गोष्ट त्याला इथेच कळेल; तोंडाने सांगायला मला जमले नाही. राळेतले ते चार खुंट आणि चिंधी मी टाकलेली नाहीत, रंगाच्या रिकाम्या डबीत आहेत. भाऊबिजेला ताईकडे आम्ही दोघे जाणारच आहोत. येताना बरोबर आणतो. देवघरातल्या डबीत ठेवायचे की कसे, ते दादाने ठरवावे.