बारा आण्याचा मसाला

आमची गाडी बिघडली आहे ही गोष्ट आमच्या इमारतीत मला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. मी रविवारी सकाळी गाडी सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं मूल उठे, वॉचमन कानाला हात लावून फाटक उघडी, आणि तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर खिडकी लावून घेत. मला मात्र तो आवाज मुळीच ऐकू येत नसे. स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, तशातलाच हा प्रकार.

गाडी म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी, इंजिन १०८९ सीसीचं, आणि दार लावल्यावर ते खरोखर लागल्याचा आवाज येणारं. हिच्या मुंबईच्या बहिणी काळा-पिवळा रंग लावून जन्मभर भाडी मारत राहिल्या. त्यांतली शेवटची २००३ साली नोंदवलेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्याही रस्त्यावरून गेल्या. आमची खाजगी, म्हणून वाचली. सरकारनं २०२१ मध्ये असं ठरवलं की पन्नास वर्षांपुढची गाडी ती ‘विंटेज’. म्हणजे आमची २०२८ साली त्या मानाला पोचेल. तोवर ती नुसतीच जुनी, आणि जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करायला जे सहाशे रुपये पडत त्याचे २०२२ मध्ये पाच हजार झाले होते. म्हातारपण महाग असतं, एवढाच याचा अर्थ.

तर गेल्या पावसाळ्यानंतर सौ. एकदा गाडीतून उतरल्यावर म्हणाली, “माझं डोकं का दुखतं हो या गाडीत?” मी नेहमीचं उत्तर देणार होतो, पण माझंही दुखत होतं. तेव्हा गाडी नाना पेठेत मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री गाडीखाली गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. बाहेर आला तो हात पुसत म्हणाला, “साहेब, डबा दहादा बदललाय कुणीतरी. पण रोग मागं नाही, पुढं आहे.” इंजिनातून धूर जिथे बाहेर पडतो तिथे पुढचा पाइप बोल्टांनी आवळलेला असतो. त्यातला एक स्टड कुठल्या तरी जमान्यात तुटला होता, आणि तिथे पत्रा, दोरा, लेप असे एकावर एक इतके थर होते की मिस्त्रीच्या मते ते उकरून काढायला पुराणवस्तू खात्याचाच माणूस बोलवायला हवा होता. “हा धूर आत शिरतोय. काचा खाली असतात म्हणून चाललंय.”

हा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास, पण रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला बसायला जागाच उरत नाही. पुण्याच्या बसमध्ये चढणाऱ्याला हे अधिक समजावून सांगायला नको.

मिस्त्रीनं दोन भाव सांगितले. बाजारात तयार मिळतो तो लोकल माल, पातळ पत्र्याचा: बसवून तीन हजार. तो दोन वर्षं टिकेल. आणि दुसरा, इंजिनापासून शेपटापर्यंत सगळं हातानं बनवून द्यायचं: ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, आर्गन वेल्डिंग, आत ग्लासवूल. “मग तुम्हाला बघायला नको, तुमच्या नातवाला बघायला नको.” एकतीस हजार पाचशे.

मी घरी येऊन हा आकडा शक्य तितक्या सहज आवाजात सांगितला. सौ. स्टेनलेस म्हणजे काय ते विचारत राहिली, आणि आपल्या डब्यांचं असतं तेच, असं मी म्हटल्यावर तिनं एकदा स्वयंपाकघराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, एवढंच ती म्हणाली. यात अतिशयोक्ती नव्हती. भंगारवाल्यानं मागच्याच महिन्यात आमच्या कोंबडीचे बावीस हजार सांगितले होते. आमचा नातू मात्र खूश झाला. त्याच्या कॉलेजात खास बनवून घेतलेला सायलेन्सर म्हणजे बुलेटला लावायचा फटाका. असल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात, तेव्हा आजोबा रोलरखाली जायच्या लायकीचं काही तरी करताहेत, याचा त्याला अभिमान वाटला. सायलेन्सरवर पैसे खर्चायचे ते आवाज कमी व्हावा म्हणून, हे त्याला पटवताना माझी दमछाक झाली.

मॅनेजरांनी कागद मागवला. त्यांना दुसऱ्याच्या खर्चाचा हिशेब करायला फार आवडतं. “लोकल डबा तीन हजार, दोन वर्षं. तुमचा एकतीस हजार पाचशे. म्हणजे एकवीस वर्षांनी तुम्ही बरोबरीत याल. आज तुमचं वय?” पासष्ट, मी म्हणालो. “म्हणजे शहाऐंशीपर्यंत जगावं लागेल,” ते म्हणाले, आणि थोडं थांबून, “नुसतं जगून भागणार नाही. गाडी चालवावी लागेल.”

म्हणजे गरज तीन हजारांची होती. उरलेले साडेअठ्ठावीस हजार हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न होता, आणि तत्त्वज्ञानात मी पहिल्यापासून कच्चा. पण खोटं कशाला बोला, मला ते नळकांडं हवं होतं. मिस्त्रीनं दुसऱ्या एका गाडीसाठी बनवलेलं दाखवलं होतं, त्याची वळणं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मग हव्या असलेल्या गोष्टीला माणूस जे करतो ते मी केलं. मी तिला नैतिक अधिष्ठान शोधू लागलो. हा खर्च नव्हे, हे पितृऋण, असं मी सौ.ला सांगितलं.

गाडी आप्पांची. आप्पा डॉक्टर होते, सदाशिव पेठेत दवाखाना. नंबर लावून कित्येक वर्षांनी ही गाडी हाती आली, तेव्हा त्यांनी तिला पेढ्याचा नैवेद्य दाखवला होता. रात्री-अपरात्री व्हिजिटला जाताना तिचा आवाज चार गल्ल्यांत ऐकू जाई. इंजेक्शनच्या भीतीनं पोरं तो आवाज ऐकूनच रडायला लागत, आणि म्हाताऱ्यांचा अर्धा ताप त्यानंच उतरे. परत येताना गाडी कोपऱ्यावर वळली की आई उठून चहाचं आधण ठेवी. आप्पा जिना चढून येईपर्यंत चहा कपात. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलेलं मला आठवत नाही.

आप्पांचा एक कडक नियम होता: गाडीच्या काचा खाली हव्यात. पावसात, थंडीत, महाबळेश्वरच्या घाटात डिसेंबरात पहाटे सुद्धा. आम्ही भावंडं मागच्या सीटवर एका शालीत तिघं कुडकुडत बसायचो. “मोकळी हवा घ्यावी,” आप्पा म्हणत. आम्ही हे डॉक्टरी तत्त्व समजून जन्मभर पाळलं. मी अजून काचा खालीच ठेवतो.

पितृऋणाला पुरावा म्हणून आप्पांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावरून काढल्या. गाडीवर ते किती जीव लावत हे सौ.ला दाखवायचं होतं. १९८१ च्या वहीत जानेवारीत सापडलं: ‘सायलेन्सरचा पुढचा पाइप, रु. २४०. पुढच्या महिन्यात.’ फेब्रुवारीत: ‘पाइप. पुढच्या महिन्यात.’ मार्चमध्ये माझ्या होस्टेलची फी, आणि खाली: ‘पाइप, पुढे.’ जूनमध्ये ताईच्या लग्नाचे दागिने. मध्ये मध्ये पेशंटांची नावं आणि पुढे ‘फी माफ’. ऑक्टोबरात ‘डब्याचा पत्रा, क्लॅम्प, दोरा, रु. ९.’ आणि त्याच ओळीपुढे, अगदी बारीक अक्षरात, ‘काचा उघड्या ठेवणे.’

मी ती ओळ बराच वेळ पाहत बसलो.

आप्पांना ठाऊक होतं. डॉक्टरच ते, त्यांना ठाऊक असणारच. आता तुम्ही म्हणाल, केवढा हा त्याग. मीही पहिल्यांदा तेच म्हणालो, डोळेही पुसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मनात आलं, की दोनशे चाळीस रुपयांसाठी हा गृहस्थ बायको-पोरांना त्या धुरात बसवून घाट चढत होता, आणि वर मोकळ्या हवेचं व्याख्यान देत होता. माझी फी भरली हे खरं. ती भरायला मी शिल्लक राहावं याची सोय मात्र काचेच्या हँडलवर सोपवली होती. हा त्याग, की चिक्कूपणा, की दोन्हीत फरक करता येणार नाही अशी मध्यमवर्गीय काही तरी चीज? मी धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “आप्पांना नावं ठेवायची असतील तर फोन ठेव.” ताईला केला. ती म्हणाली, “म्हणून मला घाटात उलट्या व्हायच्या होय!” आणि हसत सुटली.

हे सगळं इथेच मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी सौ.जवळ विषय काढला होता. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, आणि फीच्या पहिल्या हप्त्याला बारा हजार कमी पडत होते. सौ.नं मला विचारलं तेव्हा मी मिस्त्रीनं दिलेल्या कागदावरची वळणं बघत होतो. मी मान वर न करता म्हणालो होतो, “पुढच्या महिन्यात बघू.”

आप्पांचंच वाक्य. अक्षरसुद्धा तेच म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की त्यांनी ते पाइपाला ऐकवलं होतं आणि मी ते पाइपासाठी एका पोरीला ऐकवलं होतं.

मला कुणी असा हिशेब घालू लागलं की राग येतो, हे कबूल करतो. सिनेमाच्या तिकिटात इतक्या भाकऱ्या, लग्नाच्या मांडवात इतकी दप्तरं. असा हिशेब मांडत गेलं तर कुणाला गाणंसुद्धा म्हणता येणार नाही. तेवढ्या वेळात दोन पोती उचलून झाली असती. आणि दुसऱ्याच्या खर्चाला उधळपट्टी म्हणणं सोपं असतं, कारण त्याची हौस आपल्याला नसते. मॅनेजर स्वतः टपाल तिकिटं जमवतात. हे सारं मी मनातल्या मनात फार मुद्देसूद मांडलं. तरी पोळी लाटण्याचा आवाज आतून येतच होता.

पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. हे मी मन मोठं करून केलं असं समजू नका. मिस्त्रीनं वीस हजार सांगितले असते तर मी सगळं स्टेनलेसच करून मोकळा झालो असतो आणि हा लेख वेगळा झाला असता. मी त्याला विचारलं, काही अधलंमधलं होत नाही का? तो म्हणाला, होतं की. पुढचा पाइप तेवढा स्टेनलेसचा बनवू, नवा स्टड घालू. मागचा डबा लोकल. साडेनऊ हजार. मग हे काल का नाही सांगितलंस? “तुम्ही विचारलं नाही. तुमचं लक्ष त्या वळणांकडे होतं.”

डबा दोनच वर्षांत का सडतो, तेही त्यानं तेव्हाच सांगितलं. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाणी होतं, लिटरला जवळपास लिटर. गाडी लांब गेली तर डबा तापतो आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. मी आठवड्यातून एकदा कोथरूडहून सदाशिव पेठेत, चार किलोमीटर, तेही जपून जपून. पाणी डब्यात साचतं आणि आतून गंज धरतो. “तुम्ही जपता म्हणून सडतंय, साहेब. सिंहगडापर्यंत जाऊन या अधूनमधून.”

काम सुरू करण्याआधी त्यानं विचारलं, “आवाज कसा पाहिजे?” मी म्हणालो, ओरिजिनल. “ओरिजिनल म्हणजे कंपनीतून निघाली तसा, की तुमच्या वडिलांच्या वेळचा?” दोन्ही एकच ना, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या तुटक्या स्टडमधूनच तो सगळा आवाज येत होता. पोरं ज्याला रडत आणि आई ज्यावर आधण ठेवी, तो गाडीचा आवाज नव्हताच. तो भोकाचा होता. भोक बुजवायचं तर आप्पा जाणार, आणि आप्पा ठेवायचे तर सौ.चं डोकं दुखणार. मिस्त्री पाना हातात धरून उभा होता. त्याला अजून दोन गाड्या उरकायच्या होत्या. मी म्हणालो, कंपनीसारखा कर.

मावशींना बारा हजार दिले. उसने दिले, बिनव्याजी, आणि देताना चेहऱ्यावर जे आलं ते आरशात पाहायला मिळालं नाही हे बरंच झालं. सौ.नं पाहिलं. संध्याकाळी ती म्हणाली, “उसने कशाला म्हणालात?” मी म्हणालो, त्यांना संकोच वाटू नये म्हणून. ती काही बोलली नाही. एकतीस हजार पाचशेचा कागद अजून माझ्या खणात आहे, आणि मधूनमधून मी तो काढून बघतो, हे मात्र तिला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी आईकडे गेलो. ती धाकट्याकडे असते, त्याच जुन्या घरी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेले, पण कान शाबूत. गाडी कोपऱ्यावर वळली, दारात थांबली, वॉचमन नाही, तान्हं मूल नाही, काचा वर. शिलाईयंत्रासारखी चालत होती. मी जिना चढून वर गेलो. आई खुर्चीवर पेपर वाचत बसली होती. तिनं दचकून वर पाहिलं.

“अगं बाई, तू केव्हा आलास? चालत आलास की काय रे?”

गॅसवर काही नव्हतं.