उतरलेलें वस्त्र

जुनें वस्त्र विकत घ्यावें, तें उसवून किंवा कापून त्याचें नव्या तऱ्हेचें दुसरें वस्त्र करावें, ही गोष्ट अलीकडे आपल्या छत्रपती संभाजीनगरांतल्या सुशिक्षित घरांत कौतुकाची होऊं लागली आहे. आजीच्या विरलेल्या पैठणीचा परकर, दोन जुन्या साड्यांचा एक अंगरखा, हिमरूच्या जुन्या शालीवर बेतलेलें जाकीट, अशीं वस्त्रें लग्नसमारंभांतून दिसतात. आणि विशेष हें कीं, तीं जुन्यांचीं केलेलीं आहेत ही गोष्ट लपविली जात नाहीं, मुद्दाम सांगितली जाते. ज्या मध्यम वर्गानें मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढवितांना त्याची विरलेली बाही शेजाऱ्यांच्या नजरेस पडणार नाहीं अशी दुमडली, त्याच वर्गाची ही नवी मोकळीक आहे. ती वाईट आहे असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एखादी गोष्ट काल लाजेची होती आणि आज भूषणाची झाली, म्हणजे मध्यें कांहींतरी घडलेलें असतें. तें काय हें पाहणें अगत्याचें आहे.

ह्या नव्या आवडीच्या बाजूनें जें सांगण्यांत येतें तें खोटें नाहीं. एका सुती सदऱ्यामागें सुमारें २,७०० लिटर पाणी खर्चीं पडतें असा एक अंदाज नेहमीं दिला जातो. आणि ज्या मराठवाड्यांत २०१६ सालीं लातूरला आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें, तेथल्या माणसाला त्या आंकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. पण कापड जपण्याचा गुण आपल्याकडे पाण्याच्या हिशेबानें आलेला नाहीं. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई. जुन्या धोतराचा मऊ राहिलेला भाग बाळाचें दुपटें होई. दुपट्याचें पायपुसणें, पायपुसण्याचें पोतेरें, आणि चूल सारवतां सारवतां तें पोतेरें अखेर शेणामातींतच मिळून जाई. ह्या व्यवहाराला कोणी सद्गुण म्हणत नसे. तो घर चालविण्याचा एक भाग होता.

ज्या जिल्ह्यांत अजिंठ्याचीं लेणीं आहेत, तेथल्या वाचकांना हीच उतरंड विनयपिटकांत भेटली तर नवल वाटूं नये. कौशांबीच्या उदेन राजाच्या स्त्रियांनीं भिक्षु आनंदाला पांचशें वस्त्रें दान केलीं, अशी कथा चुल्लवग्गांत आहे. राजाला तें रुचलें नाहीं. एवढीं वस्त्रें घेऊन हा श्रमण कापडाचा व्यापार मांडणार कीं काय, अशी त्यास शंका आली. तो स्वतः जाऊन विचारूं लागला. ह्या वस्त्रांचें काय करणार? ज्या भिक्षूंचीं चीवरें जीर्ण झालीं आहेत त्यांना वांटणार. मग त्या जीर्ण चीवरांचें काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांचे गाद्यांचे अभ्रे, अभ्र्यांचीं जमिनीवरचीं अंथरणें, अंथरणांचीं पायपुसणीं, पायपुसण्यांचे झाडण्याचे फडके. आणि फडकेही फाटले म्हणजे ते कुटून, चिखलांत मळून, त्यानें जमीन लिंपली जाईल. ह्या उत्तरानें राजा इतका संतुष्ट झाला कीं त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं.

ह्या उतरंडीची दिशा मोठी लक्षांत घेण्यासारखी आहे. ती सर्वस्वीं खालीं जाणारी आहे. प्रत्येक पायरीवर वस्त्राचा मान कमी होतो आणि उपयोग मात्र तेवढाच राहतो. भिक्षूचें चीवर अखंड कापडाचें नसावें, तुकडे जोडून केलेलें असावें, असाही नियम महावग्गांत आहे. मगधांतल्या शेतांच्या बांधांसारखी त्याची आंखणी आनंदानेंच केली असें तेथें सांगितलें आहे. कापण्याचा एक हेतु असा कीं, शस्त्र लागलेल्या वस्त्राचा लोभ मग कोणास उरत नाहीं. म्हणजे कातर चालवायची ती किंमत उतरविण्यासाठीं. आजची कातर नेमकी उलट चालते. ती किंमत चढविण्यासाठीं चालते. बाजारांत शंभर रुपयांस मिळालेली साडी दोन कात्र्या आणि चार टांके पडल्यावर हजारांच्या घरांत जाते. त्यांत कौशल्य आहे, आणि कौशल्याचें मोल घेण्यांत पाप नाहीं. परंतु आनंदाचें नांव अशा व्यवहारास देतां येणार नाहीं. उदेनाची शंका मात्र येथें अगदींच अस्थानीं ठरत नाहीं.

आतां आपल्या घरांतून निघालेला कपडा ह्या उतरंडीवर कसा उतरतो तें पाहूं. बोहारीण दारांत बसते, भांडें पुढें ठेवते, आणि आणखी एक साडी टाका म्हणून अडून राहते. तिनें नेलेला कपडा धुतला जातो, त्याला टांके घातले जातात, तुटलेलें बटन लागतें, इस्त्री फिरते. सुती असून फारच फाटका असेल तर तो यंत्रें पुसण्याच्या चिंध्यांत जातो. चिकलठाण्याला आणि वाळूजला कारखाने असलेल्या ह्या शहरांत त्याही चिंधीला गिऱ्हाइक आहे. आणि अंगावर घालण्याजोगा असेल तर तो आठवडी बाजारांतल्या ढिगावर जातो. जाफर गेटचा रविवारचा बाजार असो कीं तालुक्याच्या गांवचा, ताडपत्रीवर कपड्यांचा ढीग आणि त्यांत दोन्ही हात घालून शोधणारीं माणसें, हें अशा बाजारांचें नेहमींचेंच चित्र.

ह्या ढिगाचा एक मोठा गुण आहे, आणि तो आपल्या नीतिशास्त्रांत कोठें नोंदलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. ढिगावरच्या कपड्याला नांव नसतें. तो कोणाच्या अंगावरून उतरला हें विकणाऱ्यास ठाऊक नाहीं, घेणाऱ्यास नाहीं. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला मालकिणीनें आपल्या मुलीचा फ्रॉक दिला, तर तो फ्रॉक कितीही धुतला तरी मालकिणीच्या मुलीचाच राहतो. आणि एखादे दिवशीं ती मुलगी चारचौघींत बोलून जाते, 'अग, हा माझाच आहे.' अमरावतीस १९३५ सालीं जन्मलेल्या उर्दू लेखिका वाजिदा तबस्सुम ह्यांची 'उतरन' नांवाची एक प्रसिद्ध कथा आहे. निजामी हैदराबादेंतल्या एका हवेलींत धन्याच्या मुलीचे उतरलेले कपडे घालून वाढलेल्या दासीकन्येच्या मनांत जें विष सांचतें, त्याची ती कथा. औरंगाबाद त्याच संस्थानांत मोडत होतें, म्हणून 'उतरन' हा शब्द इकडेही परका नाहीं. ती कथा वाचल्यावर दान करण्याच्या आपल्या उत्साहाला जरा लगाम बसतो. उलट, तोच फ्रॉक त्या बाईनें बाजारांत वीस रुपयांस घासाघीस करून घेतला असता, तर तो तिच्या मुलीचा झाला असता. कोणाचे उपकार नाहींत, कोणाची ओळख नाहीं. गरीब माणूस ढिगावरून नुसता कपडा विकत घेत नाहीं, त्याच्या पूर्वेतिहासाचा विसर विकत घेतो. दान जें देऊं शकत नाहीं तें येथें वीस रुपयांत मिळतें.

ह्याच ढिगावर आतां आवडीनें येणारें गिऱ्हाइक येऊं लागलें आहे. तें सकाळीं लवकर येतें, त्याला कापडाची पारख असते, आणि जाड सुताचा सदरा, खऱ्या लोकरीचा स्वेटर, हातमागाची साडी तें अचूक उचलतें. विकणाराही शहाणा होतो. असे कपडे तो बाजूला काढून त्यांचा भाव निराळा सांगतो. कोणी म्हणेल, ह्यांत बिघडलें काय? विकणाराला चार पैसे जास्त मिळाले. शिवाय जगांत जुन्या कपड्यांचा आज तुटवडा नसून महापूर आहे. परदेशांत टाकलेल्या कपड्यांचे गठ्ठे जहाजांनीं कांडल्याला उतरतात आणि पानिपतास त्यांच्या लोकरीचा पिंजून पुन्हां धागा काढला जातो. हें म्हणणें खरें आहे. विकणाराचा फायदा तर आम्ही मुळींच हलका लेखीत नाहीं. पण महापूर आहे तो कपड्यांचा. चांगल्या कपड्यांचा नाहीं. ढिगाचा बहुतेक भाग ना ऊब देणारा ना घाम टिपणारा असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतलीं हजारों कुटुंबें ऊसतोडीला निघतात आणि थंडीचे महिने शेतांतल्या कोपींत काढतात. निघण्यापूर्वीं मुलासाठीं ढिगांत स्वेटर शोधणाऱ्या बाईला तो मिळतो कीं नाहीं, हा प्रश्न पर्यावरणाच्या हिशेबांत बसत नाहीं, म्हणून तो नाहींसा होत नाहीं.

आमचें मत विचाराल तर तें साधें आहे. ज्याला कपडा कापायचाच आहे त्यानें अखंड कपडा घेण्याचें कारण काय? ज्याच्या हातीं कातर आहे, सुई आहे, आणि नजर आहे, त्याला फाटकेंही चालतें. किंबहुना त्याच्या कलेची परीक्षा फाटक्यावरच व्हावी. ज्याच्यापाशीं त्यांतलें कांहीं नाहीं, त्याला मात्र ढिगावरचा धड कपडाच हवा असतो. बाही जळलेला सदरा, डागानें वायां गेलेली साडी, कसरीनें खाल्लेली शाल, अशा वस्तूंस दुसरें कोणी मागत नाहीं. त्या कलावंतानें भरपूर भाव देऊन न्याव्या.

घरच्या पैठणीलाही हाच न्याय लावावा असें आम्हांस वाटतें. येथें प्रश्न वरकरणी उलट आहे, कारण पैठणीची किंमत विसरांत नसून आठवणींत असते. ती कापली म्हणजे आजीचा अपमान झाला असें घरांतलीं वडील माणसें म्हणतात. त्यांना नम्रपणें एक आठवण द्यावीशी वाटते. जुन्या पैठणीची जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन केलेली असे. आणि पैशाची नड आली कीं अशीं वस्त्रें जाळून त्यांतली चांदी गाळून घेण्याची चाल आपल्याच समाजांत होती. 'जुनें तें सोनें' ही म्हण सराफाच्या कट्ट्यावर इतक्या शब्दशः पाळली गेली! विणकरानें महिनोन् महिने मागावर बसून काढलेले मोर आणि वेली मुशींत गेल्या, त्या मानानें कातर पुष्कळच दयाळू आहे. अंग विरून गेलें आहे, काठ आणि पदर तेवढे शाबूत आहेत, अशी पैठणी पेटींत घडीवर चिरत पडण्यापेक्षां नातीच्या अंगावर तिचे काठ मिरवलेले बरे. परंतु धड पैठणी एका हंगामाच्या हौसेसाठीं कापणें, ह्यास काटकसर म्हणतां येणार नाहीं. द्रौपदीनें भरजरी वस्त्र फाडून चिंधी काढली, ही कथा आपण आवडीनें सांगतों. पण तेथें श्रीकृष्णाच्या बोटाला रक्त येत होतें.

ह्या विषयांत एक जुना वाद आहे, तो पुष्कळांना ठाऊक असेल. १९२१ सालीं परदेशी कपड्यांच्या होळ्या पेटल्या तेव्हां रवींद्रनाथांनीं हरकत घेतली कीं, जें कापड जाळतां तें तुमचें नव्हे. ज्यांच्या अंगावर कांहीं नाहीं त्यांचें तें आहे. गांधींनीं उत्तर दिलें, त्याचा आशय असा कीं, उघड्याला काम द्यायचें सोडून आपले टाकलेले कपडे देणें हा त्याचा अपमान आहे. होळीच्या बाबतींत आमचा कल रवींद्रनाथांकडे आहे. पण गांधींचें उत्तर आजच्या ह्या हौसेला चांगलें लागू पडतें. जुन्याचें नवें झालें आणि हजारांस विकलें गेलें, त्यांतलें शिवणारीच्या हातीं किती पडलें? बायकांनीं दुपारच्या वेळीं घातलेला गोधडीचा धांवदोरा आतां कलेच्या दुकानांत टांगला जातो. टांगणाऱ्याचें नांव खालीं असतें, टांका घालणारीचें बहुधा नसतें.

राहतां राहिलें आपलें कपाट. जुने कपडे दिले कीं मन हलकें होतें आणि कपाटही हलकें होतें. मग त्या मोकळ्या खणांत नवे कपडे येतात. उदेनानें संतुष्ट होऊन आणखी पांचशें वस्त्रें दिलीं, त्यांतला विनोद आपल्या घरींही दर दिवाळीस घडतो. फरक इतकाच कीं आपल्या नव्या कपड्यांना आनंदाची उतरंड उतरतां येत नाहीं. त्यांचें दुपटें होत नाहीं, कारण तें पाणी टिपीत नाहीं. पोतेरें होत नाहीं, आणि मातींत घातलें तर मातींत मिळत नाहीं. बोहारणीला हें आपल्या आधीं कळलें आहे. ती कपडा चिमटींत धरून अंगठ्यानें चोळून पाहते, आणि वीस वर्षांचें सुती लुगडें उचलून सहा महिन्यांचा चकचकीत कुडता उंबऱ्यावर तसाच ठेवून देते.