अभेदातला भेद

एकाच कंपनीचे चार-चार हेडफोन ज्याच्या कपाटात दिसतात, त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या पैशांत चार वेगळ्या कंपन्यांचे आले नसते का? प्रश्न रास्त आहे. विविधता हवी तर ती चार घरी शोधावी, असं कुणालाही वाटेल. माझा अनुभव मात्र उलटा आहे. भेद ऐकायला शिकायचं असेल, तर आधी पुष्कळसा अभेद जमवावा लागतो.

गाण्याच्या अंगानं हे लवकर उमगतं. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपात भर गंधारावर, देशकारात धैवतावर. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकार उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात खुलतो आणि तो सकाळी गातात. भूपाशेजारी भैरवी ठेवली तर फरक नवख्यालाही कळतो, पण त्यातून कान फारसा शिकत नाही, कारण तिथे सगळंच बदललेलं असतं. शेजारी देशकार आला की कानाला दुसरी वाट उरत नाही. स्वर तेच, मग बदललं काय? या एकाच प्रश्नापाशी तो थांबतो, आणि थांबला की शिकतो.

सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५० हे मला असेच भूप-देशकार वाटतात. हॅनोव्हरजवळच्या वेडेमार्कमधली ही कंपनी फ्रिट्झ सेनहायझर यांनी १९४५ साली सुरू केली. एचडी ६०० आला १९९७ मध्ये, एचडी ६५० आला २००३ मध्ये. सांगाडा जवळजवळ तोच. कानाभोवतीच्या लांबट गाद्या एकाच्या दुसऱ्याला बसतात. केबल काढून बदलता येते. रोध दोघांचाही ३०० ओहम, त्यामुळे फोनला थेट लावण्यापेक्षा चांगल्या ॲम्प्लिफायरवर दोघंही मोकळे होतात. पाठही दोघांची उघडी, नुसत्या जाळीची. ही उघडी पाठ या घराची जुनी खूण आहे. १९६८ साली पिवळ्या फोमच्या गाद्यांचा एचडी ४१४ याच कंपनीनं आणला आणि उघड्या पाठीचा हेडफोन बाजारात पहिल्यांदा दिसला. पाठ उघडी असली की ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूनं निघणारा आवाज वाटीत कोंडून पुन्हा कानाकडे फिरत नाही, आणि गाणं डोक्यात दाटून न बसता थोडं बाहेर, हवेत राहतं.

इतकं सारखं असताना वेगळं काय? मी नुसता तानपुरा लावून ऐकतो. घोडीवर तार टेकते तिथे दोरा अचूक जागी सरकला की जवारी खुलते, आणि एका तारेतून वरच्या स्वरांची अख्खी रांग झणकारत उठते. एचडी ६०० वर त्या झणकाराचा कण न् कण मोजता येईल इतका स्पष्ट असतो. एचडी ६५० वर तीच धार किंचित मऊ होते आणि खर्जाच्या तारेला अंग येतं. तबल्याचा डग्गाही इथे थोडा जड बोलतो. स्वर कुठलाच गळालेला नाही, भर तेवढा सरकला आहे.

पण हा निष्कर्ष काढायची घाई करू नये. आधी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणावा, कारण जरा मोठं वाजणारं कानाला नेहमीच अधिक चांगलं वाटतं. मग गाद्या पाहाव्यात. वापरून त्या चेपल्या की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि सगळा तोलच बदलतो. मी एकदा दोन्हींच्या गाद्यांची अदलाबदल करून ऐकलं. इतके दिवस मॉडेलचा म्हणून जो फरक मी सांगत होतो, त्यातला बराचसा गाद्यांबरोबर उठून पलीकडे गेला. उरला तो खरा फरक, आणि तो माझ्या समजुतीपेक्षा बारीक निघाला. दोन वेगळ्या कंपन्यांचे हेडफोन असते तर गाद्या एकमेकांना बसल्याच नसत्या, आणि माझा भ्रम तसाच राहिला असता.

घडवणारेही याच वाटेनं जातात. २००९ च्या एचडी ८०० मध्ये ५६ मिलिमीटरचा वलयाकार ड्रायव्हर होता. त्याचा आवाज विलक्षण ऐसपैस, पण सहा हजार हर्ट्झच्या आसपास एक टोक कानाला टोचायचं. २०१६ मध्ये एचडी ८०० एस आला तेव्हा ड्रायव्हर आणि घडण तीच ठेवून, ते टोक शोषून घेणारी योजना तेवढी आत बसवली. हे दोन शेजारी ठेवून ऐकणाऱ्याला त्या एका टोकाची ओळख पटते, आणि पुढे ते कुठल्याही हेडफोनमध्ये दिसलं तरी त्याला नावानिशी सांगता येतं. परक्या घराचा आवाज पारखण्याची ताकद अशी एका घरात राहून येते.

म्हणून नवा हेडफोन घेण्याआधी मी स्वतःला विचारतो: याच्यात आणि माझ्याजवळच्यात सारखं काय आहे? उत्तर नेमकं देता आलं, तर तो मला काहीतरी ऐकवणार आहे. देता आलं नाही, तर कपाटात एका डब्याची भर पडेल आणि कान होता तिथेच राहील.