अर्जुनाचा थकवा

सकाळी अंथरुणातून उठतानाच जिचे पाय जड झालेले असतात, केर काढता काढता जिला उंबऱ्यापाशी टेकावे लागते आणि शक्तिवर्धक औषधांच्या बाटल्या रिचवूनही जिची अशक्तता हटत नाही, अशा बाईविषयी आपल्या घरांतून बहुधा एकच निवाडा दिला जातो : अंगात आळस भरला आहे. हा निवाडा अन्यायाचा आहे, आणि आपल्या धर्मग्रंथांचाही त्याला आधार नाही.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात पतंजलींनी जे नऊ अंतराय सांगितले, त्यांत व्याधी, स्त्यान आणि आलस्य यांची नोंद स्वतंत्रपणे केली आहे. चित्ताला कर्म करण्याची शक्तीच न उरणे हे स्त्यान त्यांनी आळसाच्या खात्यावर मांडलेले नाही. पुढच्याच सूत्रात या अंतरायांचे सोबती म्हणून दौर्मनस्य, अंगकंप आणि श्वासाची विषमता येतात, आणि इच्छेला आडकाठी आल्याने चित्तात उठणारा क्षोभ म्हणजे दौर्मनस्य, असे व्यासभाष्य सांगते. जिची इच्छा वर्षानुवर्षे कोणी विचारलीच नाही, तिचे निम्मे बळ स्वतःला आवरण्यातच खर्ची पडत असेल, तर नवल ते काय?

मनाच्या क्षोभाने देहाचे बळ असे गळणे गीतेच्या आरंभी तर साक्षात घडते. कसलीही व्याधी नसलेल्या अर्जुनाचे गात्र न् गात्र गळते, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून निसटते आणि तो रथात बसकण मारतो. भगवंत प्रथम त्याला क्लीबपणाबद्दल खडसावतात. पण दोन श्लोकांच्या त्या ताकिदीने अर्जुन उठत नाही. तो आपला संभ्रम उघड करतो, मार्ग विचारतो, युद्ध करणार नाही असे सांगून स्तब्ध होतो, आणि मगच तो प्रदीर्घ संवाद सुरू होतो, ज्यात त्याची प्रत्येक शंका ऐकून घेतली जाते. निर्भर्त्सनेने जे साधले नाही ते या श्रवणाने साधले, असे मला निश्चित वाटते.

अर्थात, प्रथम देहाची तपासणी हवीच. पांडुरोग किंवा थायरॉईडचा विकार मनाच्या माथी मारणे हाही अपराधच, आणि श्रमाने बळावणारे आजार असताना रुग्णाला कामाला जुंपणे ही क्रूरता. देह निर्दोष ठरल्यावरच चित्ताकडे वळावे. त्यासाठी पतंजलींनी एकाच तत्त्वाचा अभ्यास, मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांची भावना आणि श्वासाचे नियमन सांगितले आहे. परंतु यांतली करुणा आधी घरच्यांनी आचरावी, कारण जिच्यावर दिवसभर आळसाची फिर्याद गुदरली जाते, तिला शांतपणे श्वास सोडण्याइतकीही उसंत मिळत नाही.