लाज कोणाची?

माझा भाचा चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. रमजानच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने मला आपली वही दाखवली. आमच्या मोहल्ल्याच्या पलीकडे एका शेठच्या बंगल्यासमोर दरवर्षी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शिधा वाटतात. पीठ, तांदूळ, तेलाची पिशवी, साखर, खजूर, शेवया. वाटप नऊला सुरू होते, पण बायका फजरच्या नमाजनंतर लगेच येऊन बसतात. भाच्याने ती रांग काढली होती. कोळशाने, भराभर, तीन सकाळींत वीसेक चित्रे. त्यातल्या एकापाशी मी थांबलो. पन्नाशीची एक बाई, पदर दातांत धरलेला, मुठीत चिठ्ठी आणि नजर थेट पाहणाऱ्याकडे.

"ही ओळखू येते रे," मी म्हणालो.

"येणारच. ती म्हणाली होती, 'चेहरा मत निकाल बेटा, बेटी का रिश्ता आया है.' मी तिच्यासमोर वही मिटली. मग घरी येऊन आठवणीने काढला."

मी चिडलो. याला चोरी म्हणतात, असे त्याला सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "मामू, जकात म्हणजे खैरात नव्हे, तो गरिबाचा हक आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? मग हक घ्यायला आलेल्या बाईनं तोंड का लपवायचं? लाज तिची आहे का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. मी शाळेत असताना फी माफ असलेल्या मुलांची नावे वर्गात मोठ्याने वाचून दाखवत. यादीत माझे नाव तिसरे असे. पहिली दोन नावे वाचून होईपर्यंत मी बाकाखाली वाकून पेन्सिल शोधत असे. ती सवलत माझा हक होती, सरकारी नियमाने मिळालेली होती, हे आज मला कळते. तेव्हा कोणी ते समजावून सांगितले असते तरी माझी मान वर झाली असती असे वाटत नाही. अन्याय करणारा लाज बाळगत नाही, म्हणून ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वाट्याला येते. भाच्याचे म्हणणे तत्त्व म्हणून खरेच होते. पण त्या तत्त्वाची किंमत तो स्वतः देणार नव्हता, त्या बाईची मुलगी देणार होती.

त्या रात्री तरावीहनंतर मी त्याला झैनुल आबेदिन यांच्याविषयी सांगितले. त्याला नाव माहीत होते, चित्रे नीट पाहिलेली नव्हती.

आबेदिन मैमनसिंगकडचे. ब्रह्मपुत्रेच्या काठी वाढलेले. त्या नदीच्या जलरंगांसाठी १९३८ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि कलकत्त्याच्या ज्या सरकारी कलाशाळेत ते शिकले तिथेच ते शिकवू लागले. म्हणजे मार्गी लागलेला, निसर्ग रंगवणारा तरुण. १९४३ साली बंगालच्या खेड्यांतून माणसे पोटासाठी कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन मरू लागली तेव्हा ते २८ वर्षांचे होते. रंग बाजूला पडले. काळी शाई, साधा बांधणीचा स्वस्त कागद आणि कोरडा, जाड ब्रश. एवढ्यावर त्यांनी ती माणसे काढली. पाठीचे मणके, छातीच्या फासळ्या, आईच्या अंगावर पडलेले मूल. मागे देखावा नाही, इमारत नाही. असतात ते कावळे, कुत्री आणि कचराकुंडी. कावळ्याची मान आणि माणसाची मान एकाच रेषेत येते.

त्या कचराकुंडीवर मी बरेच दिवस विचार केला आहे. आबेदिन यांच्या या चित्रांत एकही श्रीमंत माणूस मला दिसला नाही. पण कचराकुंडी आहे. जिथे उष्टे टाकले जाते तिथे कोणीतरी जेवलेले असते. शहरात अन्न होते, ही साक्ष त्या कुंडीने दिली आहे. पुढे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच आकड्यांनी मांडले. १९४३ मध्ये बंगालमधला धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्के कमी होता आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्के जास्त होता. १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. तांदूळ मात्र डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता, तो ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ वर गेला. लढाईच्या पैशाने फुगलेले शहर तो घेऊ शकत होते. शेतमजूर आणि कोळी घेऊ शकत नव्हते. जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्याकडच्या भागातला तांदूळ उचलला होता, होड्या काढून घेतल्या होत्या. होडी गेली की कोळ्याचा हातच गेला. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा आकडा १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

आणि ही माणसे दारोदार काय मागत होती? भात नव्हे. 'फॅन' मागत होती, भाताची निवळ, जी आपण गाळून टाकतो. भरलेल्या दुकानांसमोर माणसे मेली आणि दुकाने लुटली गेली नाहीत. याला कोणी सहनशीलता म्हणेल. मला त्यात वर्गातल्या यादीचाच आवाज ऐकू येतो. भात मागणे हा आपला हक आहे, हेच त्यांच्या मनातून पुसले गेले होते.

"बघा, म्हणजे दाखवलंच पाहिजे," भाचा म्हणाला.

दाखवलेच पाहिजे, मान्य. पण कसे, यावर मी त्याला दुसरे नाव सांगितले. चित्तप्रसाद भट्टाचार्य. तेही तेव्हा २८ वर्षांचेच. कम्युनिस्ट पक्षासाठी ते नोव्हेंबर १९४३ मध्ये मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले. तिथे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात चक्रीवादळाने सगळे धुऊन नेले होते. आबेदिन यांची माणसे बिनानावाची आहेत. चित्तप्रसाद चित्रासोबत माणसाचे नाव लिहीत, गाव लिहीत, त्याचे काय झाले ते लिहीत. जमीन कधी विकली, घरातले कोण गेले. त्यांची चित्रे पाहताना आपण दया करणारे राहत नाही, पंचनाम्यावर सही करायला बोलावलेले पंच होतो. त्या भटकंतीचे त्यांनी 'हंग्री बेंगॉल' नावाचे छोटे पुस्तक केले. ब्रिटिश सरकारने त्याच्या ५००० प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाकडे वाचलेल्या प्रतीवरून २०११ मध्ये ते पुन्हा जसेच्या तसे छापले गेले.

सरकारला अन्नछत्रांची भीती वाटली नाही. निधी गोळा करणाऱ्यांनाही कोणी जाळले नाही. छोटेसे चोपडे मात्र जाळावे लागले. दयेने सरकारचे काही बिघडत नाही, उलट तिचा भार हलका होतो. भूक कोणामुळे, हे विचारले की बिघडते.

इथे मी भाच्याला थोडे कडू बोललो. आमच्यात, म्हणजे एकूणच मध्यमवर्गात, गरिबीच्या चित्रांची एक आवड तयार झाली आहे. सुरकुत्या, फाटका पदर, पाणावलेले डोळे. ती दिवाणखान्यात शोभतात. आबेदिन यांच्या भुकेल्यांना आज लिलावात मोठ्या किमती येतात. चित्तप्रसाद नंतर मुंबईत अंधेरीला राहिले, बालमजुरांची लिनोचित्रे केली, बाहुल्यांचे खेळ केले, आणि १९७८ मध्ये गेले तोवर हलाखी त्यांच्या घरातून हलली नव्हती. गरिबाचे चित्र विकले जाते म्हणून गरिबाचे काही भागत नाही, चित्रकाराचेही भागतेच असे नाही. तरीही या दोघांना मी त्या दोषातून सोडतो. ते माणसाच्या वेदनेत रंगत नाहीत. कचराकुंडी किंवा गावाचे नाव, काहीतरी असे ठेवतात की नजर त्या देहावरून पुढे, देहाला तिथे आणणाऱ्यांकडे जाते.

"मग नाव लिहू का हिचं?" त्याने विचारले. थोडा चिडूनच.

"तिला विचार. मिदनापूरचा माणूस मरत होता, त्याला आपली फिर्याद कोणीतरी लिहून घ्यावी असं वाटलं असेल. ही जगायची आहे, इथेच, याच गल्लीत. मुलगी उजवायची आहे. फिर्याद करायची की नाही, ते ती ठरवेल. तू तिचा वकील असशील तर वकीलपत्र आण."

त्याने ते मनावर घेतले. ईदनंतर दोन दिवसांनी शेवयांचा डबा आणि ती वही घेऊन तो तिच्या घरी गेला. मी सोबत गेलो नाही, हे बरे केले. तो सांगतो ते असे: खालाने चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले. मुलगीही मागून डोकावली. रागावल्या नाहीत. चेहरा राहू दे की नको, यावर दोघींत बोलणे झाले. मुलीचे म्हणणे पडले की राहू दे, आईचे म्हणणे नको. शेवटी आईचे चालले. भाच्याने तिथेच पदर थोडा पुढे ओढून दिला, चेहऱ्यावर सावली घातली.

मग खालाने वहीची बाकीची पाने उलटली. सगळी पाहून झाल्यावर म्हणाली, "एवढ्याच बायका काढल्यास? त्या दिवशी आम्ही दोनशेवर होतो. आणि फाटक कुठाय? आम्ही काय हवेत उभ्या होतो?"

त्या तीन सकाळी तो रांगेत बसून चित्रे काढत होता. बायकांना खटकले तरी कोणी अडवले नव्हते. उलट वाटप करणाऱ्या पोरांनी त्याला चहा दिला होता, आमचेही एखादे काढ म्हणाले होते.

फाटक काढायला तो त्यानंतर दोनदा गेला. रखवालदाराने दोन्ही वेळा हाकलून दिले.